चाळीस अळणी दिवस

लालबागची खोली सोडून आम्ही भाईंदरला राहायला आलो त्या सकाळी समोरच्या ब्लॉकचं दार सताड उघडं होतं आणि दारात खुर्ची टाकून एक गृहस्थ चमच्याने पाणी पीत होते. पीत होते म्हणजे काय, तर एक चमचा तोंडात घ्यायचा, डोळे मिटायचे, मान मागे टाकायची, थोडं थांबायचं आणि मग उठून मोरीत जाऊन थुंकून यायचं. मी हातात कुकर घेऊन जिन्यातच उभी राहिले. मनात म्हटलं, घ्या, शेजार तर झकास मिळालाय. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले.

"कुठून निघालात?"

"लालबागहून."

"आणि पोचायचंय कुठे?"

"इथेच. तुमच्या समोर."

"मग पोचलात," असं म्हणून त्यांनी समाधानाने पुढचा चमचा भरला.

हे त्यांचं सगळ्यांशी असंच. दूधवाल्यालासुद्धा सोडायचे नाहीत. "कहां से निकले, कहां पहुंचना है?" तो बिचारा म्हणायचा, "दूसरे माले पे अंकल, और कहां!" बिल्डिंगमधली गुजराती मंडळी त्यांना सिक्कावाले अंकल म्हणायची. आम्ही नुसतं काका म्हणायला लागलो. केबिन रोडच्या मागच्या गल्लीत आमची ती तीन मजली, बिनलिफ्टची बिल्डिंग. तिथे दुसऱ्या मजल्यावर काका एकटे राहायचे. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. सासूबाईंनी मात्र आठवड्याभरात विचारून टाकलं. काका म्हणाले, "निघालो होतो, पोचलो नाही." सासूबाईंना वाटलं, लग्नाला जाताना गाडी बंद पडली.

फोर्टातल्या एका विमा कंपनीत ते सर्व्हेअर होते. कुठे जहाज बुडालं, माल भिजला, की हे जाऊन बघायचे आणि रिपोर्ट लिहायचे. काय गेलं, कशाने गेलं, कोणामुळे गेलं. 'बुडालं' हा शब्द त्यांना चालायचा नाही. कोणी म्हटलं की लगेच दुरुस्ती. "पोचलं नाही म्हणा. बुडणं ही नंतरची गोष्ट."

रिटायर झाल्यावर माणसं तीर्थयात्रा करतात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत शिरून बाकीच्यांचं रक्त आटवतात. काका चांदीची नाणी जमवायला लागले. तीही साधी नाहीत, बुडालेल्या... माफ करा, न पोचलेल्या जहाजांतून वर काढलेली. कायदेशीर वर काढलेली, परवानगीने विकलेली, सर्टिफिकेटसकट. कागद नसेल तर नाणं कितीही सुंदर असो, हात लावायचे नाहीत. सागवानी पेटीत खण केलेले होते आणि नाणी लावलेली होती ती राजाप्रमाणे नाही, सालाप्रमाणे नाही. जहाजाला मुक्कामाला पोचायला किती दिवस उरले होते, त्याप्रमाणे. पहिल्या खणात चार महिने उरलेली, शेवटच्या खणात दोन दिवस उरलेली. त्या शेवटच्या खणातलं काळपट नाणं तळहातावर ठेवून ते म्हणाले, "यांना किनारा दिसत असणार हो, वहिनी." आणि नाणं हळूच परत खणात ठेवलं. मला उगीचच भरून आलं. मला, जिला आपल्या घरच्या चांदीच्या वाट्या कुठल्या डब्यात ठेवल्यात तेही आठवत नाही!

मीरा रोडचा एक जाडजूड ब्रेसलेटवाला एकदा पेटी बघायला आला होता. म्हणाला, "अंकल, ये सब काला हो गया है. मेरे पास लिक्विड है, दो मिनिट में चमका देगा." काकांनी त्याला बसवलं, चहा पाजला, बिस्किट दिलं आणि जिन्यापर्यंत सोडायला जाऊन सांगितलं, "दोबारा मत पहुंचना."

त्यांची दुसरी खोड म्हणजे रिपोर्ट. नोकरी सुटली तरी रिपोर्ट सुटला नव्हता. एकदा माझ्या कुकरचा व्हॉल्व उडाला आणि वरण छताला जाऊन चिकटलं. मी ओट्यापाशी उभी आणि हे वही घेऊन हजर. छत बघितलं, शिट्टी हुंगली, सगळ्यांच्या वेगवेगळ्या जबान्या घेतल्या. मग तीन ओळी लिहून वाचून दाखवल्या. 'हानी : वरण, अर्धा किलो तूरडाळीचे. कारण : सहावी शिट्टी. जबाबदार : "होऊ दे अजून एक" असे म्हणणारा इसम.' तो इसम म्हणजे माझा नवरा. दोन दिवस तो त्यांच्याशी बोलत नव्हता.

मी हसत म्हटलं, "काका, कधीतरी 'जबाबदार कोणी नाही' असंही लिहा की!"

ते एकदम गंभीर झाले. "अख्ख्या नोकरीत एकदाही लिहिलं नाही. कोणीतरी असतंच, वहिनी. शोधायचा आळस असतो फक्त."

आता त्या चमच्याकडे येते.

त्यांच्या ओट्यावर लोणच्याची एक काचेची बरणी होती. बरणीत पाणी आणि पाण्यात एक काळा गठ्ठा, मोठ्या बोराएवढा जाड, कडेला हिरवट. तीन रुपये एकमेकांना चिकटलेले. मोगलांच्या वेळचे, सुरतेच्या टाकसाळीतले असावेत असा काकांचा कयास होता. तीन गठ्ठ्यात होते म्हणूनच त्यांना परवडले, सुटे असते तर विचारायची सोय नव्हती. बाकी जग बरणीत मीठ घालतं, काका मीठ काढत होते. समुद्रात मुरलेलं मीठ गोड्या पाण्यात हळूहळू सुटतं म्हणे. रोज पाणी बदलायचं, आधी जुन्या पाण्याची चव घ्यायची. ॲसिड नाही, हातोडी नाही, घाई नाही. सलग चाळीस दिवस पाणी अळणी लागलं, की गठ्ठा आपोआप सैल होणार आणि मग रेशमाच्या दोऱ्याने नाणी अलग करायची. मध्ये एक दिवस जरी खारट लागला तरी पुन्हा एकपासून मोजायचं. बरणीला चिकटवलेल्या कागदावर आकडा असायचा.

"त्यासाठी मशीन मिळतं ना?" मी विचारलं.

"आहे की." ते उठले आणि गॅलरीतून खाली बोट दाखवलं. गल्लीच्या तोंडाशी खारीगावातली एक मावशी मासळीची पाटी घेऊन बसायची. तिचा बाप मिठागरात राबलेला. ही विद्या काकांनी तिच्याकडून उचलली होती. सुरुवातीला तर ते बाटलीत पाणी भरून तिच्याकडेच न्यायचे. गिऱ्हाइकं खोळंबायची, मावशी बोट बुडवून जिभेवर ठेवायची आणि निकाल द्यायची, "हाय. अजून बी हाय." पुढे तिनेच शिकवलं, "जिभंच्या टोकाव नको घेऊ रं दादा, मांगं ने. टोकाला काय कलत न्हाय."

"पण एवढं कशाला?" मी म्हटलं. मला खरंच कळत नव्हतं. "तीन रुपयांसाठी?"

तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून आजही जात नाही. म्हणाले, "बाहेरच्या बाजू समुद्राने खाल्ल्या, वहिनी. पण ज्या बाजू एकमेकींना चिकटल्या, तिथे समुद्र पोचलाच नाही. टाकसाळीतून निघाल्या त्या दिवशी जशा होत्या तशाच असणार. मधलं नाणं तर दोन्हीकडून. त्याच्यावरची अक्षरं मला वाचायचीत. निघतानाचा चेहरा बघायचाय एकदा." त्यासाठी त्यांनी या वयात एका निवृत्त मास्तरांकडे फारसी अक्षरं गिरवली होती.

मला हे सगळं पटलं असं समजू नका. भाईंदरमध्ये पाणी काय चीज आहे ते इथे राहणाऱ्यालाच माहीत. एक दिवसाआड, पहाटे पाचला, तासभर. अख्खं घर उठून पिंपं, कळश्या, तांबे, सापडेल ते भरायचं. त्यातला एक तांब्या रोज तीन मेलेल्या रुपयांना! मी एकदा तोंडावर बोललेही. ते म्हणाले, "माझ्या आंघोळीतला तांब्या त्यांना देतो." आणि खरंच द्यायचे. त्यांच्या खांद्यावर साबण वाळलेला मी बघितलाय.

एका एप्रिलमध्ये मला घोडबंदर रोडला काम होतं, तर म्हणाले, मलाही डॉक्टरकडे सोडा. येताना त्यांनी रिक्षा वरसावेच्या पुलाअलीकडे थांबवायला लावली. रिक्षावाला वैतागला, "चाचा, यहां क्या देखना है? ट्रॅफिक देखना है?" काका उतरून खाडीकडे बघत राहिले. मी शेजारी जाऊन उभी राहिले, तर त्यांनी मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं. कोंबडी बघते तसं, एका डोळ्याने.

"हे काय नवीन?"

"मधलं जायला लागलंय, वहिनी. पडदा खराब होतोय. समोर बघितलं की मध्ये नुसता डाग. कडा दिसतात. तुमचे कान दिसतायत मला, नाक नाही."

"मग आता?"

"इंजेक्शनं देतायत. दिवाळीपर्यंत वाचता येईल म्हणाले. नंतरचं सांगता येत नाही." मग हिशोब करत पुटपुटले, "परवापासून अळणी लागतंय. चाळीस दिवस काय, हां हां म्हणता जातील."

आणि सहाव्या दिवशी हा माणूस बाथरूममध्ये घसरून पडला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तिथून भाची त्यांना डोंबिवलीला घेऊन गेली. स्ट्रेचरवरून जाताना त्यांनी माझ्या हातात किल्ली दिली. घरात दागिना नाही, टीव्ही नाही. किल्ली बरणीसाठी होती. "रोज एक तांब्या. कॉर्पोरेशनचं. आकडा तेवढा वाढवत जा, चव मी येऊन घेईन."

मी रोज गेले. ते खोटं नाही. भाजी टाकून गेले, ऑफिसला उशीर करून गेले. पाणी बदलायचं, कागदावर सात खोडून आठ, आठ खोडून नऊ. रात्री त्यांचा फोन, "कितवा?" मी सांगायची. पलीकडून नुसतं "हं" यायचं, पण त्या 'हं'मध्येही उत्साह कळायचा.

छत्तिसाव्या दिवशी बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज आला, चार दिवस पाणी येणार नाही. भर मे महिना. सासूबाई जुलाबाने आडव्या. टँकरसाठी जिन्यात मारामाऱ्या. संडासाच्या नळाला बोअरचं पाणी होतं तेवढंच. ते कसं, तर साबणाला फेस येत नाही आणि वाळलं की बादलीवर पांढरा थर. मी त्या सकाळी तांब्या घेऊन माझ्या ओट्यासमोर उभी होते. ओट्यावर एक कळशी होती, गोड्या पाण्याची, झाकलेली, भरलेली. एक तांब्या काढला असता तर घरातलं कोणी तहानेने मेलं नसतं. चहा एक वेळ कमी झाला असता. पण मला इतका संताप आला होता, पाण्याचा, ग्रुपवरच्या मेसेजांचा, सगळ्याचा, की मी म्हटलं, नाण्यांना काय कळतंय मेलं! आणि बोअरच्या नळाखाली तांब्या धरला. चारही दिवस तेच. आकडा मात्र इमानाने वाढवत गेले. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस.

चाळिसाव्या दिवशी ते आले. वॉकरवर, घामाघूम, सोबत भाची. तिच्याकडून त्यांनी नवं मोठं भिंग घेतलं होतं आणि खिशात रेशमाच्या दोऱ्याचं रीळ. इस्त्रीचा शर्ट घातला होता. बसायच्या आधीच म्हणाले, "चमचा."

मी चमचा दिला. त्यांनी पाणी तोंडात घेतलं, डोळे मिटले, मान मागे टाकली. आणि तशीच ठेवली. भाची म्हणाली, "मामा?"

त्यांनी पाणी थुंकलं. मान वाकडी करून कडेच्या नजरेने माझ्याकडे बघितलं.

"पाणी कुठलं, वहिनी?"

"कॉर्पोरेशनचं," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. रीळ परत खिशात गेलं. ड्रॉवरमधून वही काढून, तिच्यावर नाक टेकवून त्यांनी कडेकडेने काहीतरी लिहिलं. दुसऱ्या दिवशी बरणीवर नवा कागद होता आणि कागदावर एक.

मला वाटलं होतं, होईल पुन्हा चाळीस, त्यात काय! पण तो गठ्ठा जणू रुसला. दहा दिवस अळणी, अकराव्याला खारट. सतरा अळणी, अठराव्याला खारट. पावसाळा त्यातच गेला. गणपतीत त्यांना आरतीच्या पुस्तकातली अक्षरं दिसेनात. दिवाळीत पेपरचे मथळेही गेले. मी रोज सकाळी माझ्या फिल्टरचा पहिला तांब्या त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवायला लागले. ते म्हणायचे, "अहो, साधं चालतं." मी म्हणायची, "असू द्या." खरं सांगायला तोंड उघडायची आणि भलतंच बोलायची, की भाजी काय आणू, रिक्षा सांगू का. माझ्यासारखी तोंडाळ बाई सात महिने एकच वाक्य गिळत बसली होती.

जानेवारीत चाळीस भरले.

त्या सकाळी त्यांनी मला आतूनच हाक मारली. टेबलावर पांढरा पंचा अंथरला होता, मध्ये गठ्ठा. हातात दोरा. त्यांना समोरचं दिसत नव्हतं, पण बोटांना सगळं दिसत होतं. दोरा फटीत बसवला, दोन्ही टोकं धरून लाकूड कापतात तसा पुढे-मागे, अगदी हलके. वरचं नाणं असं सुटून पडलं जसं काही कधी चिकटलेलंच नव्हतं. मग खालचं. मधलं नाणं पंच्यावर उरलं.

मी बघितलं आणि माझ्या तोंडून "अगंबाई!" निघालं. पांढरंशुभ्र. पेटीतल्या एकाही नाण्याला तसा रंग नव्हता. अक्षरांच्या कडा बोटाला लागतील इतक्या ताज्या.

काकांनी ते उचललं, डोळ्यासमोर धरलं, मान डावीकडे वाकवली, उजवीकडे वाकवली. भिंग घेतलं. ठेवलं.

"कड दिसतेय," ते म्हणाले. "छान आहे कड." आणि नाणं माझ्याकडे सरकवलं. "तुम्ही सांगा."

"मला कुठे येतं, काका?"

"वाचू नका. दिसतंय ते सांगा. सगळ्यात खालच्या ओळीत, उजवीकडून."

मी भिंग धरलं. "तीन दाते आहेत. कंगव्याचे असतात तसे."

"हं."

"मग एक वाटोळं डोकं, त्याला शेपूट. मग कोयता."

"हं. पुढे?" ते टेबलावर पुढे झुकले.

"पुढे होडी. होडीसारखंच आहे अगदी. आणि होडीवर दोन ठिपके."

"आहेत? दोन्ही आहेत?"

"दोन्ही आहेत, काका. मजेत बसलेत."

ते हसले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होते. "सुरत," म्हणाले. "सुरतच." मग खिशातला रुमाल शोधत म्हणाले, "वही घ्या. ड्रॉवरमध्ये आहे. मला लिहिता येत नाही आता."

मी वही काढली. कोरं पान शोधत पानं उलटत होते आणि हात त्या पानावर थांबला. अक्षर वाकडंतिकडं, ओळी एकमेकींवर चढलेल्या. मे महिन्यातली तारीख. 'हानी : एकोणचाळीस दिवस. कारण : पाणी बोअरचे. इमारतीस पाणीपुरवठा नव्हता. जबाबदार : कोणी नाही.' खाली सही.

"सापडलं का पान?" काकांनी विचारलं. मी पान उलटलं नाही. त्यांना कळलं असावं, कारण ते पुन्हा विचारत बसले नाहीत.

"काका," मी म्हटलं, आणि मग सगळं एकदम बाहेर आलं. "माझ्याकडे पाणी होतं. ओट्यावर कळशी भरलेली होती. मला एक तांब्या देता आला असता. रागात मी बोअरचं घातलं, चार दिवस. तुम्हाला हे वाचता आलं असतं हो. तुमच्या डोळ्यांनी. जबाबदार मी आहे. मी लिहिते इथे माझं नाव."

मी पेन टेकवलं सुद्धा. त्यांनी हात पुढे करून, चाचपत, माझ्या मनगटावर ठेवला.

"त्या पानावर सर्व्हेअरची सही झालेली आहे," ते म्हणाले. "सही झालेल्या रिपोर्टात खाडाखोड करता येत नाही, वहिनी. नियम आहे." मग मनगट सोडून म्हणाले, "आजचं पान काढा."

मी कोरं पान काढलं. तारीख घातली. त्यांनी बरणीत चमचा बुडवला आणि या खेपेला स्वतःच्या तोंडाकडे न नेता माझ्यापुढे धरला.

"मागे न्या. टोकाला कळत नाही."

मी डोळे मिटले. पाणी जिभेच्या मागे नेलं. इतक्या महिन्यांत मी ते कधी चाखलं नव्हतं.

"अळणी," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की, काका."

"मग लिहा," ते म्हणाले. "पोचलं."